जाळ्याची देखभाल – लेखांक ५ : प्रोसेसरचा भार आणि मेमरीचा हिशेब

पायथन भाषेतील स्क्रिप्ट दूरच्या राउटरशी जोडणी कशी करते, हे मागील लेखांकात स्पष्ट करण्यात आले. जोडणी झाल्यावर यंत्राची प्रकृती विचारावी लागते आणि ती प्रामुख्याने दोन आकड्यांतून कळते : प्रोसेसरवरील भार आणि वापरात असलेली मेमरी.

या तपासणीची निकड शहागडसारख्या गावी विशेष जाणवते. गोदावरीच्या काठी, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेले हे गाव जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात मोडते. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या मूळ आराखड्यात ओएलटी, म्हणजे अनेक गावांच्या फायबर-जोडण्या एकत्र आणणारे यंत्र, तालुक्याच्या पातळीवर असते, तर ओएनटी, म्हणजे प्रकाशसंकेतांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारे टोकाचे यंत्र, ग्रामपंचायतीत असते. अशा मांडणीत वरचे एक यंत्र अडखळले, की त्यावर विसंबलेल्या अनेक गावांत दाखल्यांची आणि सातबाऱ्याची कामे एकाच वेळी खोळंबतात. म्हणूनच बिघाड होण्याआधी त्याची चाहूल लागणे आवश्यक ठरते.

प्रोसेसरचा भार म्हणजे जाळ्यातील रहदारी नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. मोठ्या राउटरांत डेटाची पाकिटे पुढे पाठवण्याचे काम त्यासाठीच घडवलेली स्वतंत्र चिप करते, तर मार्ग ठरवणे, शेजारच्या राउटरांशी संवाद राखणे आणि व्यवस्थापकाच्या आज्ञा पाळणे ही कामे प्रोसेसरकडे असतात. ओएसपीएफ या मार्गनिश्चितीच्या पद्धतीत राउटर सामान्यतः दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला आपण चालू असल्याचा संदेश पाठवतो आणि ४० सेकंद असा संदेश आला नाही, तर शेजारी त्याला बंद समजून मार्ग बदलतो. त्यामुळे प्रोसेसर दीर्घकाळ पूर्ण भाराखाली राहिला, तर फायबर शाबूत असूनही जोडणी तुटू शकते.

हे आकडे मिळवण्याच्या आज्ञा कंपनीगणिक वेगळ्या असतात. सिस्कोच्या यंत्रावर ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ आणि जुनिपरच्या यंत्रावर ‘शो चेसिस राउटिंग-इंजिन’ असे विचारावे लागते, आणि उत्तरांची मांडणीही निराळी येते. नेपाम ही पायथनमधील मुक्त लायब्ररी हा भेद झाकते. तिचे ‘गेट_एन्व्हायर्नमेंट’ हे फंक्शन तिला ठाऊक असलेल्या यंत्रांकडून पंखे, तापमान, वीजपुरवठा, प्रोसेसर आणि मेमरी यांची माहिती एकाच साच्यात आणून देते. त्या साच्यातील ‘अव्हेलेबल_रॅम’ हा रकाना मात्र फसवा आहे, कारण लायब्ररीच्या व्याख्येनुसार त्यात शिल्लक मेमरी नसून यंत्रात बसवलेली एकूण मेमरी असते. शिल्लक हवी असल्यास त्यातून ‘यूज्ड_रॅम’ वजा करावी लागते. ही वजाबाकी चुकली, तर गुदमरलेले यंत्रही ऐसपैस भासते.

नेपाम ज्या यंत्रांना ओळखत नाही, त्यांच्यासाठी १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला एसएनएमपी हा प्रमाणित शिष्टाचार उपयोगी पडतो आणि पायएसएनएमपी ही लायब्ररी तो पायथनमध्ये उपलब्ध करून देते. त्यात प्रत्येक मोजमापाला ओआयडी नावाचा अंकांचा पत्ता असतो. १.३.६.१.२.१.२५.३.३.१.२ या पत्त्याखाली प्रत्येक प्रोसेसरचा मागील एका मिनिटातील सरासरी भार टक्क्यांत मिळतो, अर्थात यंत्राने ही प्रमाणित सारणी पुरवलेली असेल तरच. मेमरी बाइटमध्ये न येता एककांत येते. वापरलेली एकके ३०,००० आणि एका एककाचा आकार ४,०९६ बाइट असेल, तर गुणाकाराने १२,२८,८०,००० बाइट, म्हणजे सुमारे ११७ मेगाबाइट मेमरी वापरात असल्याचे कळते.

तथापि एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. जायकवाडीतून विसर्ग सुरू झाल्यावर गोदाकाठच्या गावांना पाणी किती आहे याइतकेच ते चढते आहे की उतरते आहे हे महत्त्वाचे वाटते, तसेच येथेही घडते. प्रोसेसरचा भार क्षणभर ९० टक्क्यांवर जाऊन उतरला, तर ते बहुधा साधे काम असते. मेमरी मात्र हळूहळू वाढत राहून कधीच खाली येत नसेल, तर एखादा प्रोग्राम घेतलेली मेमरी परत करत नाही, असा संशय घ्यावा लागतो. ५१२ मेगाबाइटच्या यंत्रात ३०० मेगाबाइट वापरात असून रोज ४ मेगाबाइटची भर पडत असेल, तर उरलेले २१२ मेगाबाइट ५३ दिवसांत संपतील. हा हिशेब हाती असेल, तर यंत्र रात्रीच्या निवांत वेळी, रीतसर सूचना देऊन पुन्हा सुरू करता येते आणि दोष दुरुस्त करणारी नवी आवृत्ती बसवता येते. तो नसेल, तर तेच यंत्र जूनमध्ये प्रवेशाच्या दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना बंद पडू शकते.

म्हणून स्क्रिप्टने दर पाच मिनिटांनी आकडे घेऊन वेळेसह साठवावेत आणि यंत्र केव्हापासून सुरू आहे, याचीही नोंद ठेवावी, कारण पुन्हा सुरू झालेल्या यंत्राची रिकामी मेमरी सुधारणेचा आभास निर्माण करते. विचारणा त्याहून फार वारंवार केल्यास तिचाच भार दुर्बळ प्रोसेसरवर पडतो. साठवलेल्या नोंदींवरून इशाऱ्याची मर्यादा कशी ठरवावी, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.