मासा, माशी आणि रियाज

मराठींत ‘मासा’ आणि ‘माशी’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात; निसर्गांत मात्र त्यांचें नातें भक्षक आणि भक्ष्य असें आहे. थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यांत राहणारा ट्राउट नांवाचा ठिपकेदार मासा पाण्यावर उतरणाऱ्या बारीक माश्या मोठ्या आवडीनें टिपतो. त्याची ही आवड ओळखून माणसानें रेशीम, लोंकर आणि पिसें यांची खोटी माशी गळावर बांधण्याची एक कला निर्माण केली. ही माशी नखाएवढीच असते; पण ती नीट बांधण्यास वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

या कलेचा संगीताशीं काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. दोहोंतही बोटांना शहाणें करावयाचें असतें, हाच तो संबंध होय. आज अनेक सुशिक्षित घरांतून सतार, तबला, हार्मोनियम किंवा व्हायोलिन यांचा अभ्यास चालतो. शिकणारा मन लावून बसतो, तासन् तास घासतो, आणि तरीही दोन वर्षांनीं हात तेथल्या तेथेंच राहतो. कधीं कधीं तर हात पुढें जाण्याऐवजीं दुखावतो आणि वाद्य कायमचें कोपऱ्यांत उभें राहतें. दोष बहुधा बुद्धीचा किंवा कष्टांचा नसतो, पद्धतीचा असतो. ती पद्धत माशी बांधणाऱ्या कारागिराच्या बोटांत स्पष्ट दिसते, म्हणून आधीं त्याचें काम पाहणें इष्ट होय.

ही कला फार जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन या लेखकानें मॅसिडोनियांतील आस्त्रेउस नदीवरील कोळ्यांचें वर्णन केलें आहे. ते गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याच्या मानेचीं दोन पिसें जोडीत. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या मासेमारीवरील एका प्रबंधांत अशा बारा माश्यांच्या कृति दिलेल्या आढळतात. पुढें १८५४ सालीं विल्यम ग्रीनवेल हा धर्मोपदेशक ट्वीड नदीवर मासे धरीत असतां त्याच्या गळाकडे मासे ढुंकूनही पाहीनात. ते ज्या माशीवर तुटून पडत होते, ती माशी पकडून त्यानें स्प्राउस्टन गांवच्या जेम्स राइट या कारागिराकडे नेली आणि तिची प्रतिकृति करवून घेतली. ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ या नांवानें ती माशी आजही बांधली जाते.

हिंदुस्थानाशींही या कलेचा दुहेरी संबंध आहे. ट्राउट मासा मूळचा येथला नव्हे. १९०० च्या सुमारास विलायतेहून आणलेल्या अंड्यांपासून तो काश्मिरांत वाढविण्यांत आला, आणि पुढें निलगिरीच्या थंड ओढ्यांतूनही त्याची पैदास झाली. उलट, आपल्या सह्याद्रींतील राखी रानकोंबड्याच्या मानेचें पीस इकडून तिकडे गेलें. त्या पिसावर लाखेच्या थेंबासारखा जो चकचकीत ठिपका असतो, तो बारीक माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. म्हणून विलायती कारागिरांना त्याचें मोठें अप्रूप. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्याला आतां संरक्षण मिळालें आहे, आणि परदेशांतील कारागीर पाळून वाढविलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर काम भागवितात.

ज्या माशीची नक्कल करावयाची, तिचें जीवनही विलक्षण आहे. तिच्यापैकीं सर्वांत प्रसिद्ध ती मे-फ्लाय. नदीच्या तळाशीं ती अळीच्या रूपांत एक-दोन वर्षें काढते. मग पाण्यावर येऊन कात टाकते आणि तिला पंख फुटतात. पंख फुटल्यावरही पुनः एकदां कात टाकणारा कीटकवर्गांतील गण तो हाच. पूर्ण वाढलेल्या माशीला अन्न खाण्याजोगें तोंड उरलेलें नसतें. एक-दोन दिवसांत अंडीं घालून ती मरते. याच थोड्या घटकांत मासा तिला टिपतो. पाण्याखालून वर पाहणाऱ्या त्या माशाला बाहेरचें जग सुमारें ९७ अंशांच्या एका वाटोळ्या गवाक्षांतून दिसतें. त्यापलीकडचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. त्या आरशावर माशीच्या पायांनीं पडलेल्या सूक्ष्म खळग्या त्याला प्रथम दिसतात, माशी मागाहून. म्हणून पाण्यावर तरंगावयाच्या माशीसाठीं कोंबड्याचें ताठ, चमकदार पीस घेतात. पाण्यांत बुडावयाच्या माशीसाठीं कोंबडीचें मऊ पीस घेतात.

बांधण्याची रीत अशी. गळ एका लहान शिकंजांत घट्ट बसवितात. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याचे वेढे गळाच्या दांडीवर एकाला एक लागून देतात, हा पाया. मग शेपटीसाठीं पिसाचे दोन-तीन तंतु, अंगासाठीं सशाच्या कानावरची लव दोऱ्याला पिळून, त्यावर सोनेरी कलाबतूचे विरळ वेढे, आणि पुढच्या बाजूला उभें गुंडाळलेलें मानेचें पीस. शेवटीं दोऱ्याचें टोंक त्याच्याच वेढ्यांखालून ओढून गांठ मारतात आणि डोक्यावर रोगणाचा एक थेंब ठेवतात. सारें काम दहा-पंधरा मिनिटांचें. पण पायाचा एक वेढा ढिला राहिला तर सबंध माशी गळाभोंवतीं फिरते आणि काम फुकट जातें.

स्कॉटलंडांत मेगन बॉइड (१९१५–२००१) नांवाची एक बाई होऊन गेली. ब्रोरा गांवाजवळच्या एका लहान घरांत, जेथें बरींच वर्षें वीजही नव्हती, तेथें खिडकीच्या उजेडांत बसून तिनें सॅमन माशांसाठीं माश्या बांधल्या. त्यांची कीर्ति राजघराण्यापर्यंत गेली आणि १९७१ सालीं तिला ब्रिटिश सरकारचें पदकही मिळालें. मासा मारणें तिला रुचत नसे, म्हणून तिनें स्वतः कधीं गळ टाकला नाहीं. तिच्या लहानपणीं एका शिकाररक्षकानें तिला ही विद्या दिली. त्यानें तिला तयार माश्या दिल्या, त्या पूर्ण उसवावयास लावल्या आणि तीच माशी अधिक लहान गळावर पुनः बांधावयास सांगितलें.

रियाज करणाऱ्यानें पहिला धडा येथेंच घ्यावा. जी तान किंवा जी गत हातांत बसत नाहीं, ती आरंभापासून शेवटपर्यंत शंभर वेळां वाजविण्यांत अर्थ नाहीं. ती उसवावी. अडतें कोठें तें शोधावें. बहुधा सबंध तान अडत नसते. दोन स्वरांमधला एखादा सांधा अडतो, बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर जातांना उशीर होतो. तेवढे तीन-चार स्वरच वेगळे काढून घोटावे, आणि मग मागचा एक स्वर व पुढचा एक स्वर जोडीत जावें. लहान गळावर बांधण्याचा अर्थ हाच.

दुसरा धडा गतीचा. बोटांना बरोबर आणि चूक यांतला भेद कळत नाहीं. जें वारंवार घडेल तेंच तीं पाठ करतात. दुगुनींत दहा वेळां चुकलेला पलटा म्हणजे चुकीचा दहा वेळां केलेला रियाज होय. म्हणून जेथें एकही चूक होत नाहीं इतकी लय खालीं आणावी आणि तेथून थोडी थोडी चढवावी. माशीचा वेढा चुकला तर कारागीर त्यावर दुसरा वेढा देऊन चूक झांकीत नाहीं. तो वेढा सोडतो.

तिसरा धडा जोराचा. रेशमी दोरा तुटेल त्याच्या किंचित अलीकडे थांबणें, हें कारागिराचें कौशल्य. कमी ओढला तर माशी ढिली, अधिक ओढला तर दोरा हातांत. सतारीची तार पडद्यावर दाबतांना नवशिके बोट पांढरें पडेपर्यंत दाबतात. तार पडद्याला लागून स्वर स्वच्छ निघाला कीं त्यापुढचा सारा जोर वायां जातो; इतकेंच नव्हे, तो मनगटांत आणि खांद्यांत साठतो. दर कांहीं मिनिटांनीं जबडा, खांदे आणि अंगठा सैल आहेत कीं नाहीं हें पाहण्याची संवय लावावी.

चौथा धडा वेळेचा. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बर्लिनच्या संगीत विद्यालयांतील व्हायोलिनवादकांच्या दिनक्रमाचें निरीक्षण केलें होतें. उत्तम विद्यार्थी एकट्यानें अधिक रियाज करीत, हें खरें. पण त्यांची एक बैठक साधारणतः दीड तासापेक्षां लांबत नसे, बैठकांमध्यें विश्रांति असे, आणि इतरांहून ते झोंपही अधिक घेत. दिवसा घोटलेलें कसब झोंपेंत पक्कें होतें, हें पुढील संशोधनानेंही दाखविलें आहे. नोकरी किंवा शाळा सांभाळून शिकणाऱ्यानें रविवारीं चार तास बसण्याऐवजीं रोज पाऊण तास बसावें, तेंही मधून पांच मिनिटें हात मोकळा सोडून. एकच पलटा सलग अर्धा तास घोटण्याऐवजीं तीन निरनिराळे पलटे आळीपाळीनें घ्यावे. त्या दिवशीं तें जड वाटतें, पण पुढच्या आठवड्यांत अधिक लक्षांत राहतें.

पांचवा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच लोक अधिक दुर्लक्षितात. दुखणें ही मेहनतीची खूण नव्हे, तो इशारा होय. जर्मन संगीतकार शूमान यानें पियानोवादक होण्याच्या ईर्षेनें हाताचा छळ केला, असें सांगतात. कारणांविषयीं मतभेद असले तरी १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याचा उजवा हात निकामी झाला आणि वादनाची आशा त्याला सोडावी लागली, एवढें निश्चित. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें १९६४ सालीं आंत वळूं लागलीं. मेंदू व स्नायू यांच्या या विकाराला वैद्यक ‘फोकल डिस्टोनिया’ म्हणतें. सुमारें तीस वर्षें तो केवळ डाव्या हातानें वाजवीत, वाद्यवृंदाचें संचालन करीत आणि शिकवीत राहिला. उपचारांनीं तो पुनः दोन्ही हातांनीं वाजवूं लागला तो १९९० नंतर. म्हणून बोटांना मुंग्या आल्या, पकड सैल झाली किंवा दुसऱ्या दिवशींही दुखणें राहिलें, तर वाद्य ठेवून द्यावें आणि वैद्याला दाखवावें. गाणाऱ्यांनींही बसलेल्या आवाजावर रियाज लादूं नये. मेगन बॉइडला अखेरीस दृष्टि अधू झाल्यामुळें काम थांबवावें लागलें. बारीक काम करणाऱ्यानें उजेडाचीही काळजी घ्यावी, हें त्यांतून शिकण्यासारखें आहे.

सहावा धडा साहित्याच्या मोहाचा आहे, आणि तेथें संगीत व माशी यांची प्रत्यक्ष गांठ पडते. २००९ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडेमी ऑफ म्यूझिक या संस्थेंत बासरी शिकणारा एक तरुण रात्रीं ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयांत शिरला आणि २९९ दुर्मिळ पक्ष्यांचीं कातडीं घेऊन पसार झाला. तो जुन्या धर्तीच्या सॅमन-माश्या बांधण्यांत निष्णात होता; त्या कृतींना लागणारीं पिसें बाजारांत मिळत नाहींत आणि मिळालीं तर फार महाग. आल्फ्रेड वॉलेससारख्या शास्त्रज्ञानें जमविलेले नमुनेही त्यांत होते. पुढें तो पकडला गेला, कांहीं नमुने परत मिळाले. पण अनेकांवरील नोंदींच्या चिठ्ठ्या काढून टाकल्यामुळें शास्त्राच्या दृष्टीनें ते निरुपयोगी झाले. ट्राउट माशाला मात्र दुर्मिळ पिसांचें कौतुक नाहीं. सशाची लव आणि कोंबडीचें पीस यांनीं बांधलेली माशी तो आनंदानें घेतो. नवा तंबोरा किंवा परदेशी व्हायोलिन घेतल्यावांचून रियाजाला हुरूप येत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा. हातांतलें वाद्य नीट सुरांत लावलेलें, तारा गंज न लागलेल्या आणि जवारी स्वच्छ असली, म्हणजे शिकण्यास पुरे.

राहिली ती परीक्षा. शिकंजांत देखणी दिसणारी माशी पाण्यांत आडवी पडते कीं काय, हें पाहण्यासाठीं कारागीर ती पेल्याभर पाण्यांत टाकून पाहतो. वाजवितांना वादकाचें अर्धें लक्ष बोटांत गुंतलेलें असतें. म्हणून आठवड्यांतून एकदां आपलें वादन ध्वनिमुद्रित करून तें दुसऱ्या दिवशीं ऐकावें. काल जी लय स्थिर वाटली होती ती धांवते कीं काय, मींड स्वरापर्यंत पोंचते कीं अलीकडेच थांबते, हें तेव्हां कळतें. त्यांतली एकच उणीव निवडावी आणि दुसऱ्या दिवशींच्या पाऊण तासांतली पहिलीं दहा मिनिटें तिलाच द्यावीं. बाकीच्या उणीवा पुढच्या आठवड्यांसाठीं वहींत टिपून ठेवाव्या.