२०१७च्या ड्राफ्टला आम्ही दिलेले गुण आज पुन्हा तपासले



बंदीचे दिवस आहेत. ट्रॉलर जेटीला बांधलेत, इंजिने उघडून ठेवलीत आणि ताडपत्रीखाली जाळ्यांची दुरुस्ती चालू आहे. हात कामात गुंतले की तोंड मोकळे, आणि गोव्यात तोंड मोकळे म्हणजे फुटबॉल. यंदा विषय निघायला कारण झाली एक जुनी डायरी. डिझेल आणि बर्फाच्या हिशेबाची. मागच्या पानावर आमच्याच अक्षरात लिहिलेले: "२३ जुलै २०१७. ड्राफ्ट. एफसी गोवा." खाली नावे, आणि प्रत्येक नावापुढे दहापैकी गुण.

त्या दिवशी रविवार होता. बंदी उठायला आठवडाच राहिला होता. मुंबईत आयएसएलचा ड्राफ्ट चालला होता आणि आम्ही इथे मोबाईलभोवती डोकी जोडून बसलो होतो. एकेक नाव आले की गुण द्यायचे, त्यावरून भांडायचे, परत खोडून लिहायचे. ते पान वाचून आम्हाला हसूही आले आणि थोडी लाजही वाटली. म्हणून ठरवले, जुने गुण जसेच्या तसे तुमच्यापुढे मांडायचे आणि शेजारी आजचे गुण लिहायचे.

ड्राफ्ट म्हणजे काय, तरुण पोरांसाठी

आताच्या मुलांनी ड्राफ्ट पाहिलेला नाही. २०१७नंतर आयएसएलमध्ये तो झालाच नाही, आता क्लब थेट करार करतात. तेव्हा भारतीय खेळाडूंची एक यादी असायची, प्रत्येकाची किंमत आधी ठरलेली. लिलावासारखी बोली नाही. ज्या संघाची पाळी येईल त्याने एक नाव उचलायचे. तुमच्या मनातला पोरगा तुमच्या आधीच्या संघाने उचलला की संपले, पुढचे नाव शोधा.

त्या वर्षी बंगळुरू आणि जमशेदपूर हे दोन नवे संघ आले, एकूण दहा झाले. जमशेदपूरने पहिल्याच पाळीत अनस एडाथोडिकाला उचलले. त्याची आणि युजिनसन लिंगडोची किंमत सगळ्यात जास्त, प्रत्येकी १ कोटी १० लाख.

आणखी एक गोष्ट बदलली होती. आधी मैदानावर सहा परदेशी चालायचे, त्या हंगामापासून पाचच. म्हणजे अकरातले किमान सहा आपले भारतीय हवेत. परदेशी स्ट्रायकर कितीही मोठा आणा, ड्राफ्टमध्ये चुकलात की अर्धा संघ लंगडा. आम्ही एवढे तावातावाने गुण देत होतो ते त्याचसाठी.

शिवाय मनात एक दुखणे होते. २०१६त एफसी गोवा शेवटच्या नंबरवर राहिला होता आणि झिको निघून गेले होते. त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे आपले तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला एकेक मुलगा या क्लबांच्या भरवशावर खेळत होता. त्यामुळे ड्राफ्टमध्ये गोव्याचे पोर कोण उचलतो, हा आमच्यासाठी पोटापाण्याचाही प्रश्न होता.

आमची गुणपत्रिका

एफसी गोवाने आधीच दोघांना ठेवून घेतले होते: मंदार राव देसाई आणि गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी. बाकीचे ड्राफ्टमधून.

*नारायण दास आणि प्रणय हलदर. तेव्हा ८, आज ५.* दोघेही आधी गोव्यात खेळून गेलेले, नावाजलेले. ओळखीचा माणूस परत आला म्हणून आम्ही खूश झालो. वाईट खेळले असे नाही, पण एका हंगामानंतर दोघेही दुसऱ्या संघांत गेले. नावाला गुण दिले की असे होते.

*ब्रँडन फर्नांडिस. तेव्हा ६, आज ९.* डायरीत शेरा आहे, "बरा आहे, पण अंगाने बारीक." त्या बारीक पोराने पुढची सात वर्षे एफसी गोवाचे मधले मैदान सांभाळले आणि भारताच्या संघातही गेला. एप्रिल २०१९मध्ये भुवनेश्वरला सुपर कपच्या फायनलमध्ये चेन्नईविरुद्ध विजयाचा गोल त्याचाच. २०२१ साली आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध फातोर्ड्यावर एदू बेदियाने हेडर मारला. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा तो पहिला गोल, आणि फ्री-किक होती ब्रँडनची. शेरा लिहिणारा आमच्यातलाच आहे, त्याने परवा मान खाली घालून जाळ्याची गाठ मारली.

*सेरिटन फर्नांडिस. तेव्हा ४, आज ९.* आम्ही लिहिले होते, "हा कोण?" गोव्याचाच पोर, आणि आम्हालाच माहीत नाही! उजव्या बाजूच्या बचावात तो असा काही रुजला की प्रशिक्षक बदलले, परदेशी आले-गेले, सेरिटन तिथेच. बोटीवर असा एक माणूस असतोच. त्याचे नाव कोणी घेत नाही, पण तो सुट्टीवर गेला की सगळ्यांना कळते.

*चिंगलेनसाना सिंग. तेव्हा ५, आज ७.* मणिपूरचा, बचावातला. तीन हंगाम गोव्यात खेळला. त्याचे पुढे काय झाले ते खाली येतेच.

*मनवीर सिंग. तेव्हा ३, आज ७.* हे तीन गुण शुद्ध रागाचे होते, कबूल करतो. त्याच वर्षी मार्चमध्ये बांबोळीला संतोष ट्रॉफीची फायनल होती, गोवा विरुद्ध बंगाल. एक्स्ट्रा टाइम संपत आला असता ११९व्या मिनिटाला गोल मारून या मनवीरनेच आपली ट्रॉफी नेली होती. चार महिन्यांनी तोच आपल्या संघात! आम्ही म्हटले, "ह्याला कशाला आणला?" पण आपल्याला हरवणारा आपल्याकडे घ्यावा, यात शहाणपणच होते. मात्र पुढे कोरो असल्यामुळे त्याला इथे पूर्ण सामना क्वचितच मिळाला. २०२०मध्ये तो कोलकात्याला गेला आणि तिथे मोठा झाला. आपला दवर्लीचा लिस्टन कुलासोही इथून हैदराबादमार्गे तिथेच पोचला. मोहन बागानच्या दोन्ही बाजूंना आपल्याकडून गेलेले दोघे धावताना बघून कुणाच्या पोटात दुखले नाही ते सांगा!

जी जागा भरली नाही

गुणपत्रिकेच्या खाली डायरीत एक ओळ आहे, दोनदा अधोरेखित केलेली: "गोलकीपरचे काय?"

या एका बाबतीत आम्ही बरोबर होतो. कट्टीमणी होता, जोडीला नवीन कुमार आला, पण जागा भरली असे कोणालाच वाटत नव्हते. हंगाम सुरू झाला. नवे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी संघाला पुढे पुढे खेळायला लावले. कोरोने १८ गोल मारले, लान्झारोतेने १३. साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल, दहाही संघांत सगळ्यात जास्त. फातोर्ड्याला जाणाऱ्या बसेस परत भरून जायला लागल्या.

पण दुसरा आकडा बघा. खाल्लेले गोल २८. पहिल्या चारांत आलेल्या बाकी तीन संघांनी किती खाल्ले? बंगळुरूने १६, चेन्नईने १९, पुण्याने २१. जमशेदपूरला तर निर्णायक सामन्यात नवीन कुमारला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळाले. त्यांच्याही दोन गोलकीपरांना मिळाले म्हणून बरे. तो सामना आपण ३-० जिंकलो. सेमीफायनलला मात्र सुटका झाली नाही: फातोर्ड्यावर १-१, चेन्नईत ०-३.

जाळे कितीही मोठे टाका, खाली एक भोक राहिले की मासळी तिथूनच जाते. चर्चा मात्र नेहमी जाळ्याच्या लांबीची होते.

आणि कट्टीमणीचे गुण

आता जे लिहितोय ते लिहायला जड जाते. कट्टीमणीला आम्ही तेव्हा दोन गुण दिले होते. एकाने तर शून्य लिहून खोडले होते.

कारण तुम्हाला माहीत आहे. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, फायनल. त्या वर्षी जुलैत दहा मोठ्या भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला होता, सुनील छेत्री १ कोटी २० लाखांना गेला, आणि एफसी गोवाने एकही विकत घेतला नव्हता. तेव्हाही आम्ही "नापास" म्हणालो होतो. तोच संघ फायनलला आला. वाटेत मुंबईला ७-० धुतले, त्यात डुडू आणि हाओकिप दोघांची हॅट्ट्रिक. फायनलमध्ये ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा २-१ पुढे. लोक नाचायला लागले होते. मग ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीला लागून आपल्याच जाळ्यात. लगेच मेंडोझाने तिसरा मारला आणि ३-२ने चषक चेन्नईला गेला.

त्या रात्री आम्ही काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. बोलणारे आम्हीच आणि ज्याच्याबद्दल बोलत होतो तो याच मातीत खेळून वर गेलेला माणूस. त्याने आधी सांभाळलेले सगळे आम्ही एका मिनिटात विसरलो. पुढे गोव्यातली त्याची जागा तरुण मोहम्मद नवाझने घेतली आणि २०१९ साली तो हैदराबादला गेला.

२० मार्च २०२२. पुन्हा फायनल, पुन्हा फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. १-१ बरोबरी, पेनल्टी. हैदराबादच्या गोलात कट्टीमणी. त्याने तीन पेनल्टी अडवल्या आणि चषक हैदराबादचा झाला. त्याच्या पुढे बचावात कोण होता? तोच चिंगलेनसाना. ज्यांना आम्ही दोन आणि पाच गुण दिले होते, त्या दोघांनी आमच्याच मैदानावर ट्रॉफी उचलली.

मग आम्ही विचारतो, तेव्हा कमी होती ती कट्टीमणीत की त्याच्या आजूबाजूला? दहा जण पुढे पळत असतील तर मागे एकटा उरलेला माणूस रोज उघडा पडणारच. चूक त्याच्याकडूनही झाली, नाही असे नाही. पण जागा रिकामी राहणे आणि त्या जागेवरचा माणूस वाईट असणे, या दोन गोष्टी आम्ही एकच धरल्या. आज त्याला ८. दोन गुण कापलेत ते २०१५चे, कारण मन अजून पूर्ण निवळले नाही!

एफसी गोवाने पुढे काय केले

रिकामी जागा नेहमी बाहेरून माणूस आणूनच भरते असे नाही. नारायण दास गेल्यावर डावा बचाव मोकळा झाला. लोबेरांनी मंदारला, आयुष्यभर पुढे पळणाऱ्या पोराला, मागे आणून तिथे उभे केले आणि तो तिथे शोभला. २०१९-२०च्या हंगामात लोबेरांना मध्येच जावे लागले, तेव्हा आपल्या क्लिफर्ड मिरांडांनी सूत्रे घेतली आणि जमशेदपूरला ५-० जिंकून साखळीतला पहिला नंबर पक्का केला. ३९ गुण, शील्ड, आणि चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब. गोलकीपरची जागा मात्र खरी भरली ती जानेवारी २०२१मध्ये धीरज सिंग आला तेव्हा. म्हणजे डायरीतल्या त्या ओळीनंतर साडेतीन वर्षांनी.

आता आपले बघूया

आठवडाभरात आपापल्या बोटीची माणसे ठरतील. ओडिशा, झारखंडहून कामगार यायचे असतात, कोण येणार कोण नाही याचे फोन चालू झालेत. आपणही ड्राफ्टच करतो हो! आणि चुकाही त्याच करतो. नावाजलेला तांडेल मिळाला की आपण दहापैकी नऊ गुण देऊन मोकळे होतो, आणि इंजिनाकडे बघणारा कोण, हे एक ऑगस्टच्या पहाटे आठवते. मागच्या हंगामात एकदा जाळे अडकवून फाडले म्हणून एखाद्याला दोन गुण देतो आणि तोच शेजारच्या बोटीवर वर्षभर राबून दाखवतो.

म्हणून यंदा आम्ही डायरीत नावांच्या आधी जागा लिहिल्यात. प्रत्येक जागेपुढे माणूस. ज्या जागेपुढे कोणी नाही तिथे रेघ. माणसांना गुण मात्र हंगाम संपल्यावर.

तुम्ही तेव्हा ब्रँडनला किती दिले होते? सेरिटनला कोणी ओळखले होते का? खरे खरे सांगा, डायरी आमच्याकडे आहे, तुमचीही असेल. आणि कट्टीमणीला आज किती द्याल तेही लिहा. भेटू जेटीवर!