वरचे पस्तीस, आतले पस्तीस

उधारीवर या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण इंदापूर तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न उधारीच्याही आधीचा आहे. ताई गोधड्या शिवतात. डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत त्यांची गोधडी 1600 रुपयांना हातोहात जाते. तिथेच एका दुकानदाराने विचारले, ‘35 टक्क्यांनी द्याल का?’ ताई हो म्हणाल्या आणि घरी हिशेब मांडल्यावर धसकल्या. आता विचारतात, दुकानासाठी विरळ टाक्यांची, स्वस्तातली गोधडी वेगळी शिवू का?

आधी ते 35 टक्के. आपण ऐकतो ते वरचे, दुकानदार बोलतो ते आतले. गोधडी 1500 ला पडली, तिच्यावर 35 टक्के चढवले की 2025 होतात. दुकानदार मात्र छापील किमतीतून 35 टक्के काढतो. 2025 मधून काढले की आपल्या हाती 1316 उरतात, म्हणजे पदरचे 184 गेले. 1500 हातात पडायला हवे असतील तर किंमत 2308 लागते. 1500 ला 0.65 ने भागायचे, बस. शिकलेसवरलेले लोकही इथे घसरतात.

आणि 1500 तरी कुठून आले? कापड, दोरा, किरकोळ मिळून 500. चार दिवसांची शिलाई 250 रुपये रोजाने 1000. बहुतेक घरी हा हजार वहीत चढतच नाही. घरचेच हात ना! जत्रेत ते खपून जाते. दुकानाच्या दारात उघडे पडते.

विरळ टाक्यांचे म्हणाल, तर लिज्जतची गोष्ट ऐका. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि पहिला माल भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला दिला. म्हणजे सुरुवातच दुकानदारापासून. प्रारंभी त्यांनीही दोन प्रती ठेवल्या होत्या, एक चांगली आणि एक स्वस्तातली. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि तीत तडजोड नको. माझेही ताईंना हेच सांगणे आहे. गिऱ्हाईक टाके मोजत बसत नाही, पण दोन धुण्यांत उसवलेली गोधडी त्याला जन्मभर आठवते, आणि ती विरळ होती की घट्ट याच्याशी त्याला घेणेदेणे नसते. नाव ताईंचेच जाते.

मग जत्रेतला भाव? तोही 2300 च्या आसपास न्यायचा. दुकानाचेच गिऱ्हाईक जत्रेत येते. तिथे त्याला 1600 ची पाटी दिसली, की दुकानदाराचा पुढचा फोन येत नाही. जत्रेत जास्तीचे जे सुटतात तो नफा नव्हेच. गाळ्याचे भाडे, टेम्पो, मुक्काम, गाळ्यावर उभ्या राहणाऱ्या दोघींचा रोज, सगळे त्यातच. भाव वाढवला तर विक्री थोडी घटेल. घटू द्या.

स्वस्त हवेच असेल तर गोधडी लहान करा, टाका तोच ठेवा. बाळाचे दुपटे, पूजेचे आसन, बटवा. मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन घेऊन निघालेला माणूस 2300 ची गोधडी काखोटीला मारणार नाही, पण 250 चे आसन सहज घेईल. त्यातून आपल्याला 162 येतात. माल 35 चा आणि काम अर्ध्या दिवसाचे असेल तरच ते परवडते. अर्धा दिवस म्हणजे अर्धाच. नक्षीचा मोह झाला की हिशेब बुडाला.

उधारी पुढच्या आठवड्यात नक्की. ज्यांची उद्यम नोंदणी नाही त्यांनी तोवर ती करून घ्यावी. ती फुकट होते, आणि दुकानदाराकडे 45 दिवसांत पैसे मागायचा कायद्यातला रस्ता तिथूनच सुरू होतो.