सक्तीचे मत

मेलबर्नमधील दीर्घ मुक्कामात 3 मे 2025 चा शनिवार आम्हांस पाहावयास मिळाला. तो ऑस्ट्रेलियातील संसदीय निवडणुकीचा दिवस. गल्लीतल्या शाळेच्या दारात मतदारांची रांग, आणि रांगेशेजारी मुलांचे पालक सॉसेज भाजून, पावात घालून विकताहेत, मिळकत शाळेची. (शाकाहाऱ्याने कांदापावावर समाधान मानावे!) आत मत नोंदवावयाचे ते पेन्सिलीने, आणि एकाच नावापुढे खूण करून नव्हे, तर उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देऊन.

संसदीय निवडणुकीत 1924 पासून तेथे मतदान सक्तीचे आहे. सबळ कारणाविना घरी बसणाऱ्यास 20 डॉलर दंड. सक्तीने का लोकशाही रुजते, अशी शंका आमच्याही मनात होती. पण त्या रांगेत कपाळाला आठी अशी आम्हांस दिसली नाही. मतदारास घराबाहेर काढण्यासाठी आपल्याकडे धावणारी वाहने तेवढी आठवली.

मात्र या चित्रावरील एक डाग झाकता येत नाही. ज्यांची ती भूमी, त्या सर्व आदिवासींना संसदेसाठी मताधिकार मिळाला तो 1962 मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्याच्या पुढल्या वर्षी! तोवर अडतीस वर्षे, मत न देणाऱ्या गोऱ्यास दंड होत होता, आणि आदिवासींपैकी अनेकांना मत देण्याचीच मनाई होती.