पित्ताशयाचं अस्तर, यकृताच्या कामी

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की डॉक्टर नातेवाइकांना बोलावून आतले खडे दाखवतात. काही जण ते डबीत घालून घरीही नेतात. ज्या पिशवीत ते सापडले तिच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. तिचे तुकडे तपासणीला जातात, बाकीची जैविक कचऱ्यात. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा रुग्णाचं पित्ताशय काढलं. तेव्हापासून या अवयवाची ख्याती 'नसला तरी चालतो' अशीच आहे.

ते खरंही आहे. तरी या पिशवीच्या आतल्या पेशींनी केंब्रिज विद्यापीठातल्या फोटिओस साम्पाझिओटिस आणि लुडोव्हिक व्हालिए यांच्या गटाला बरीच वर्षं गुंतवून ठेवलं. नेमक्या याच पेशी का, हे समजायला आधी पित्ताकडे वळावं लागतं.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. जेवणातलं तेल-तूप बारीक थेंबांत फोडायचं हे त्याचं मुख्य काम. भांड्यांचा साबण तेलकट कढईवर करतो तेच. अडचण अशी की आपल्या पेशींचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. उघड्या पेशीवर पित्त पडलं तर ती विरघळायला लागते. म्हणून यकृताच्या आतल्या केसाएवढ्या नळ्यांपासून पित्ताशयापर्यंत आणि तिथून आतड्यापर्यंत सगळ्या मार्गाला आतून पेशींचा एकच थर असतो. या पेशींना कोलँजिओसाइट म्हणतात. आपण अस्तरपेशी म्हणू. यकृतातल्या नळ्यांमध्ये त्या पित्तात पाणी आणि बायकार्बोनेट सोडतात. त्याने पित्त पातळ होतं आणि त्याचा दाहकपणा कमी होतो. पित्ताशयातल्या पेशींचं काम उलटं: साठलेल्या पित्तातलं पाणी शोषून ते कित्येक पट घट्ट करायचं.

हा थर मेला की पुढचं सगळं बिघडतं. पित्त तुंबतं, झिरपतं, मागे यकृताला इजा करतं. बायलिअरी अट्रीझिया या आजारात तान्ह्या बाळांच्या पित्तनलिकाच बंद होतात, आणि लहान मुलांच्या यकृत-प्रत्यारोपणामागचं जगभरातलं सर्वांत मोठं कारण हेच आहे. प्रत्यारोपित यकृतातही हा थर नाजूक ठरतो. यकृताच्या मुख्य पेशींना दोन वाटांनी रक्त मिळतं, एक शिरेतून आणि एक धमनीतून. पित्तनलिकांना जवळजवळ सगळं धमनीतूनच. दान केलेलं यकृत बर्फात ठेवून आणताना नळ्यांच्या अस्तरपेशींना सहज इजा होते.

मग नव्या अस्तरपेशी आणायच्या कुठून? यकृताच्या आतल्या नळ्यांतून त्या काढणं कठीण आणि धोक्याचं. पित्ताशय मात्र हाताशी असतं, आणि त्याच्या आतल्या बाजूवरून पेशी खरवडून घेता येतात.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याची रीत बाजूच्या क्षेत्रातून आली. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातली एकेक मूळपेशी घेऊन तिच्यापासून आतड्याच्या अस्तराची छोटी त्रिमितीय प्रतिकृती वाढवली. अशा प्रतिकृतीला ऑर्गनॉइड म्हणतात. काचेच्या बशीत सपाट पसरलेल्या पेशी आपला स्वभाव लवकर विसरतात. त्यांना चहूबाजूंनी जेलीचा आधार आणि वाढीचे नेमके रासायनिक संदेश मिळाले, तर त्या शरीरात वागतात तशा वागू लागतात. पित्ताशयाच्या पेशी अशा जेलीत ठेवल्या की त्यांचे पोकळ गोळे तयार होतात. भिंत एका पेशीच्या जाडीची, आत द्रव. २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने अशा मानवी पेशींनी उंदरांची पित्ताशयाची भिंत दुरुस्त करून दाखवली. कोलॅजनच्या नळीवर त्या वाढवून उंदराच्या पित्तनलिकेच्या जागी बसवल्याही.

खरा प्रश्न त्यापुढचा होता. पित्त घट्ट करणारी पेशी पित्त पातळ करण्याच्या जागी नेऊन ठेवली तर ती काय करेल?

आपल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. फरक पडतो तो कोणती जनुकं चालू आहेत याने. चालू जनुकाच्या आरएनए प्रती पेशीत सापडतात. आता एकेका पेशीतल्या या प्रती वाचता येतात. संशोधकांनी पित्ताशय, मोठी पित्तनलिका आणि यकृतातल्या नळ्या अशा तिन्ही ठिकाणच्या पेशी वाचल्या. शरीरात त्या स्पष्टपणे वेगळ्या होत्या, पण ऑर्गनॉइड म्हणून वाढवल्यावर हा फरक पुसट झाला. पुन्हा पित्तातली आम्लं दिली तर पित्ताशयाची ओळख परतू लागली. ठिकाण पेशीला तिचं काम सांगतं, ही या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

मग पित्ताशयाचे ऑर्गनॉइड पित्तनलिका खराब केलेल्या उंदरांच्या यकृतात सोडले. पेशी न मिळालेले उंदीर मेले, मिळालेले तगले. तपासल्यावर दिसलं की त्या पेशींनी पित्ताशयाच्या खुणा टाकून यकृतातल्या नळ्यांच्या खुणा धरल्या होत्या.

शेवटची पायरी माणसाच्या यकृताची. दान झालेली पण प्रत्यारोपणाला अयोग्य ठरलेली यकृतं घेतली. शरीराच्या तापमानाचं रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर ती १०० तासांपर्यंत जिवंत ठेवली. लाल चमकणाऱ्या प्रथिनाची खूण केलेल्या पेशी काही नळ्यांत सोडल्या, काहींत नाही. पेशी मिळालेल्या नळ्यांच्या अस्तरात लाल पेशी रुजलेल्या दिसल्या. तिथलं पित्त जास्त वाहतं होतं आणि कमी आम्लधर्मी होतं, म्हणजे आलेल्या पाहुण्या तिथलं कामही करत होत्या. हे निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आले.

याला उपचार म्हणायची घाई नको. ती यकृतं कोणा रुग्णाला बसवली नव्हती. चार दिवसांत जे दिसतं ते चार वर्षांत टिकेलच असं नाही. प्रयोगशाळांतली नेहमीची जेली उंदराच्या गाठीपासून बनते, ती माणसात चालणार नाही. झपाट्याने वाढवलेल्या पेशी पुढे गाठ करणार नाहीत याची खात्री हवी. अट्रीझियाच्या बाळाचं पित्ताशय बहुधा आक्रसलेलंच असतं, म्हणजे जिथे गरज सर्वाधिक तिथे स्वतःच्या पेशी मिळणं अवघड. दान झालेल्या यकृताची दुरुस्ती रुग्णाला बसवण्याआधी यंत्रावरच करायची, हा उपयोग मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

एक मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावं. पित्ताशय उपयोगी पडेल म्हणून कोणी ते दुखऱ्या खड्यांसकट सांभाळत बसू नये. खड्यांनी वारंवार त्रास होत असेल आणि डॉक्टरांनी काढायला सांगितलं असेल, तर ते काढावं.