स्नॅपशॉट घेताना डिस्क का अडते?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनची सर्वांत मोठी आयत आहे. वही आता संगणकात गेली, तरी तिची जबाबदारी व्यापाऱ्यावरच आहे. म्हणून हा विषय किचकट असला तरी आम्ही तो घेत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे एकाच सर्व्हरवर व्हीएमवेअरची तीन आभासी मशीन चालतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर अपडेट करण्यापूर्वी तंत्रज्ञाने स्नॅपशॉट घेतला. मेमरीच्या चौकटीत खूण तशीच राहिली, त्यामुळे मशीनच्या रॅमएवढी फाईल डिस्कवर बसली. अपडेट सुरू होताच मशीन थिजले. पडद्यावर संदेश आला: व्हर्च्युअल डिस्कसाठी जागा उरलेली नाही.

स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचे सारे लेखन एका वेगळ्या डेल्टा फाईलमध्ये जाते. ही फाईल फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. येथे दोन महिन्यांपूर्वीचा एक स्नॅपशॉट विसरला गेला होता आणि बहुतेक जागा त्यानेच खाल्ली होती.

तंत्रज्ञ डेल्टा फाईल हाताने पुसायला निघाला होता. आम्ही त्याला थांबविले. त्या फाईलमध्ये दोन महिन्यांची विक्री होती! दुसरे एक बिनकामाचे मशीन बंद केले, तेव्हा त्याची स्वॅप फाईल गेली आणि जागा मोकळी झाली. मग 'रीट्राय' दाबले. अपडेट पुरे झाल्यावर हिशेब तपासला आणि स्नॅपशॉट मॅनेजरमधून 'डिलीट ऑल' दिले. या शब्दाला लोक उगाच भितात. त्याने माहिती जात नाही, डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळते. मात्र हे काम मध्येच तोडू नये.

प्रत्येक संदेशाचे कारण जागेची टंचाईच असते असे नाही. फाईल डेटास्टोअरच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, असा संदेश जुन्या व्हीएमएफएस-३ वर येत असे. तेथे १ एमबीच्या ब्लॉकवर फाईलची कमाल मर्यादा २५६ जीबी होती. २०११ मध्ये व्हीएमएफएस-५ आल्यावर ब्लॉकची ही कटकट संपली. इंडिपेंडंट डिस्कचा स्नॅपशॉट होतच नाही. मूळ डिस्क बदलली आहे, असा संदेश आला तर कोणीतरी स्नॅपशॉट असताना मूळ फाईलला हात लावला, असे बहुधा समजावे. तेव्हा मशीन बंद ठेवून आधी सर्व फाईलींची प्रत काढावी, आणि जाणकारालाच बोलवावे.

व्हीएमवेअरच्याच शिफारशीनुसार एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनपेक्षा जास्त नसावेत. स्नॅपशॉटला बॅकअप समजणे तर सरळ नुकसानीचा सौदा, कारण तो मूळ डिस्कवाचून निरुपयोगी असतो. खऱ्या बॅकअपची प्रत दुकानाबाहेर ठेवावी.

त्या दिवशी विलीनीकरण जुहरनंतर सुरू झाले ते इशाची नमाज होईपर्यंत चालले. विसरलेल्या स्नॅपशॉटचे नाव होते 'टेस्ट'.