डिझेल इंजिनाचे टायमिंग मोजूनच बदलावे

गव्हाला पाण्याची पाळी द्यावयाची असते आणि नेमके त्याच वेळी विहिरीवरील जुने इंजिन काळा धूर सोडू लागते. अशा वेळी घाईने पाना घेऊन इंधन पंपाचा स्क्रू फिरविण्याचा मोह होतो. न मोजता फिरविलेला हा स्क्रू पुष्कळदा मूळ दोषापेक्षाही महाग पडतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. तेल पेटण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून दट्ट्या शिरोबिंदूस, म्हणजे अगदी वरच्या टोकास, पोचण्यापूर्वीच ते सोडावे लागते. सहा अश्वशक्तीच्या, मिनिटास 650 फेरे घेणाऱ्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनात ही वेळ शिरोबिंदूपूर्वी 20 अंशांची असते. चाकाला हे 20 अंश फिरण्यास सेकंदाचा सुमारे दोनशेवा भागच लागतो. तेल फार लवकर सुटल्यास इंजिन ठोके देते, हँडल उलटा झटका मारते व बेअरिंगांवर ताण येतो. उशिरा सुटल्यास धूर होतो, धुराचा नळ अतिशय तापतो, जोर घटतो आणि तेल अधिक जळते.

मात्र धूर व जोर घटणे ही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात. म्हणून हवेची गाळणी तुंबलेली नाही ना, नोझल तेलाची बारीक फवार सोडते की नुसते थेंब गाळते, तेलाच्या नळीत हवा शिरलेली नाही ना आणि इंजिनावर पंपाचा भार बेताचा आहे ना, हे आधी पाहावे. टायमिंग सहसा आपोआप एकाएकी बिघडत नाही. पंप उतरवून पुन्हा बसविला असेल, टॅपेटचा चेकनट सैल झाला असेल किंवा भाग झिजले असतील, तरच त्याची शंका घ्यावी.

तपासण्याची रीत

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व पट्टा उतरवावा. जवळ विडी किंवा दिवा नसावा. फ्लायव्हीलवरील शिरोबिंदूची खूण स्थिर खुणेसमोर आणावी. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले पाहिजेत. नाहीतर एक फेरा आणखी द्यावा. चाकाचा परीघ फीतीने मोजावा. तो 180 से. मी. भरल्यास 20 अंशांचे अंतर 10 से. मी. होते. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेस, शिरोबिंदूच्या खुणेपासून तेवढ्या अंतरावर खडूची रेघ ओढावी.

आता पंपावरील जाड नळी काढावी, तेलाचा नळ उघडा ठेवावा व गव्हर्नरची दांडी चालू स्थितीत ठेवावी. पंपातील हवा निघून त्याच्या तोंडाशी तेल काठोकाठ आले पाहिजे. चाक थोडे मागे घेऊन फिरण्याच्या दिशेनेच सावकाश पुढे आणावे. तोंडाशी तेल किंचित हलताच थांबावे. खडूची रेघ त्याच क्षणी स्थिर खुणेसमोर असेल, तर टायमिंग बरोबर आहे. रेघ खुणेपुढे गेली असेल तर तेल उशिरा सुटते. खुणेपर्यंत पोचली नसेल तर लवकर सुटते.

उशीर असल्यास टॅपेटचा स्क्रू किंचित वर घ्यावा, घाई असल्यास खाली घ्यावा. चेकनट आवळून पुन्हा मोजावे, कारण आवळतानाही फरक पडतो. नंतर चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अटकल्यास टॅपेट अधिक वर गेला असे समजून इंजिन चालू करू नये. काही इंजिनांत टॅपेटऐवजी पंपाखाली पातळ पत्रे असतात. तेथे पत्रा वाढविल्यास तेल उशिरा सुटते, कमी केल्यास लवकर सुटते.

वरील 20 अंशांचा आकडा सर्व इंजिनांस लागू नाही. आपल्या इंजिनाचा आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. फ्लायव्हीलवरील खूण पुसली असेल किंवा चाक बदललेले असेल, तर अंदाजाने खूण न करता जाणत्या मिस्त्रीकडून ती करून घ्यावी. नोझल तपासताना फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्याचा दाब कातडी भेदून तेल शरीरात शिरविण्याइतका असतो. तसे घडल्यास जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी ही तपासणी हंगाम सुरू होण्यापूर्वीच करवून घ्यावी. अंश, चाकावरील अंतर व तपासणीची तारीख इंजिनघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवल्यास ऐन पाळीच्या वेळी कोणासही अंदाजाने पाना फिरवावा लागणार नाही.